विमानतळ चार गाड्या लांब

आमच्याकडं कुणाला विचारलं, ‘विमानतळ किती लांब?’ तर उत्तर किलोमीटरमध्ये यायचं नाही. ‘चार गाड्या’ असं यायचं. जतच्या पलीकडच्या वाडीवरून जीपनं जत. जतहून लाल गाडीनं सांगली. सांगलीहून पुण्याच्या बसनं बायपासचा पूल. आणि पुलाखालून रिक्षा, तीही रिक्षावाल्याच्या मनात आलं तर. मध्ये एखादी गाडी चुकली की विमान गेलंच. आणि विमान काही वडापची जीप नाही, की पुढच्या फाट्यावर हात केला आणि थांबलं.

मी उंब्रजचा. फौजेत वीस वर्षं ट्रक हाकले आणि हवालदार म्हणून घरी आलो. पण सातारा जिल्ह्यात फौजेतून परत आलेला प्रत्येक माणूस मेजर असतो, तसा मीही मेजर झालो. घरी आल्यावर जीप घेतली आणि उंब्रज-कऱ्हाड वडाप, म्हणजे वाटेत मिळतील ती माणसं भरून सीटमागं भाडं घेणं, सुरू केलं. वडापचा नियम एकच: भरल्याशिवाय हलायचं नाही. दहा माणसं बसली तरी अकरावा शोधायचा. या नियमावर मी सात-आठ वर्षं सुखानं जगलो. पुढं आयुष्याची दहा-बारा वर्षं उंब्रज-जतच्या माणसाला पुण्याच्या विमानतळाच्या दारात वेळेवर उतरवण्यात जातील, असं कुणी तेव्हा सांगितलं असतं तर मी त्याला चहा पाजून वाटेला लावलं असतं.

हे सगळं सुरू झालं ते सर्जेरावामुळं. सर्जेराव माझा मावसभाऊ, विट्याकडचा. केरळात गलाईचं काम करायचा. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी भट्टीत वितळवून शुद्ध करणं. त्या कोरड्या भागातली कितीतरी घरं या एका कामावर देशभर पसरली आहेत. एका पहाटे त्याचे वडील वारले. सर्जेरावानं मिळेल ते विमान धरलं आणि अकराच्या आत पुण्यात उतरला. उतरल्या उतरल्या मला फोन केला.

“दादा, पुण्यात आलोय. गाडी घेऊन येतोस का?”

माझी जीप त्या दिवशी मसूरच्या एका लग्नाला दिलेली होती. दुसरी गाडी बघता आली असती. शेजारच्याची मागता आली असती. पण मी म्हणालो, “तू बसनं उंब्रजपातूर ये. तिथनं फुडं मी न्हेतो.”

तो पुण्यात रिक्षासाठी थांबला, रिक्षातून बसस्थानकावर आला, तिथं बस भरलेली म्हणून बायपासला आला, तिथं तासभर हात करत उभा राहिला. उंब्रजला उतरला तेव्हा साडेचार वाजून गेले होते. मी लग्नातून परत आलेली जीप घेऊन जोरात निघालो, पण आम्ही गावाच्या शिवारात शिरलो तेव्हा माणसं ओढ्याकडून परत येत होती. दिवस मावळायच्या आत उरकायचं म्हणून त्यांनी वाट बघून बघून शेवटी माती केली होती.

तिसऱ्या दिवशी राख सावडून झाल्यावर सर्जेराव माझ्याजवळ बसला आणि सहज म्हणाला, “दादा, कोचीहून पुणं जवळ हाय. पुण्याहून घर लांब.”

दोष देत नव्हता. पण मी लग्नाचं भाडं सोडलं नव्हतं, हे मला माहीत होतं. पुढचे काही महिने उंब्रजच्या नाक्यावर जीप भरायची वाट बघत बसलो की ते वाक्य डोक्यात फिरायचं.

विमानतळाची भाडी मी तेव्हापासून घ्यायला लागलो. त्यातल्याच एका भाड्याला सुनंदाताई भेटल्या. माधवनगरच्या. तिथल्या एका कापडगिरणीत टाइम ऑफिसात होत्या. कामगार किती वाजता आत आला, किती वाजता बाहेर गेला, हे लिहिण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. गिरणी बंद पडली तेव्हा त्या पन्नाशीत होत्या, नवरा आधीच गेलेला. मुलगी नर्सिंग शिकून परदेशी निघाली होती. तिला सोडायला दोघी माझ्या जीपमध्ये बसल्या. ताई सगळ्या वाटेनं एका वहीत काहीतरी लिहीत होत्या. मला वाटलं, लेक चाललीय, मन रमवतायत. परत येताना त्यांनी मला वही दाखवली. पेठ नाक्याला डिझेलला किती मिनिटं, साताऱ्याला चहाला किती, पुण्यात चुकलो त्यात किती, सगळं लिहिलेलं.

“मेजर,” त्या म्हणाल्या, “तुमी गाडी चांगली चालवता. पण तुमाला वेळेचं काय कळत न्हाई.”

मी म्हणालो, “आवं ताई, पोरगी वेळेत पोचली की.”

“पोचली, पण नशिबानं. रोज नशीब कुठनं आणायचं?”

महिन्याभरानं आम्ही दोघांनी मिळून सतरा सीटची एक गाडी घेतली, पुढं वर्षभरानं दुसरी. तिच्यावर मिरजेचा अस्लम ड्रायव्हर ठेवला. अस्लम मितभाषी माणूस. रस्ता त्याला हाताच्या रेषांसारखा पाठ. ताई माधवनगरातून फोनवर बुकिंग घ्यायच्या आणि आम्ही दोघं गाड्या हाकायचो. सकाळी एक गाडी सांगलीहून पेठ नाका, कऱ्हाड, उंब्रज, सातारा करत विमानतळाला, आणि दुसरी तिथून उलटी.

बाहेरच्या माणसाला वाटतं, यात काय विशेष? माणसं गाडीत घालायची आणि पुण्याला न्यायची. पण वडाप आणि विमानतळाची गाडी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. वडापला गाडी भरली की निघायची वेळ झाली. विमानतळाला हिशोब उलटा करावा लागतो. विमान साडेतीनला असेल तर सामान द्यायची खिडकी अडीचला बंद. म्हणजे दारात दोनला. म्हणजे पुण्याच्या गर्दीच्या अलीकडं साडेबाराला. म्हणजे साताऱ्यातून साडेदहाला. असं मागं मागं येत जायचं, ते थेट जतमधल्या बाईनं चूल किती वाजता पेटवायची इथपर्यंत. ताई हा उलटा हिशोब प्रत्येक प्रवाशाला फोनवर समजावून सांगायच्या. मग दुसऱ्या दिवशी परत फोन करून त्याच्याकडून तो म्हणवून घ्यायच्या.

आणि सगळ्यांत अवघड म्हणजे, रिकामी सीट घेऊन निघायला शिकणं. पहिले सहा महिने माझा पाय क्लचवरून निघायचा नाही. वाटायचं, अजून दोन मिनिटं, कोणतरी येईल. ताईंनी नियम घालून दिला होता: कुणासाठीही तीन मिनिटांच्या वर थांबायचं नाही.

या नियमाचं एक दुःख मला आहे. पेठ नाक्यावर एक निवृत्त गुरुजी बसायचे होते. बंगळूरला लेकीकडं निघाले होते. तीन मिनिटं झाली, चार झाली. गाडीत एका पोरीची मुलाखत होती, दोन जवान सुट्टी संपवून ड्युटीवर निघाले होते. मी गाडी हलवली. हलवली आणि आरशात दिसलं, गुरुजी पिशवी सावरत रस्ता ओलांडतायत, हात वर केलेला. मागं ट्रकांची रांग होती. थांबलो असतो तर पुन्हा रांगेत घुसायला पाच-सात मिनिटं गेली असती. मी थांबलो नाही. ताईंनी त्यांना दुसरी गाडी बघून दिली आणि विमान त्यांना मिळालंही. पुढं कधीतरी ते बाजारात भेटले. म्हणाले, “तुमचं बरोबर होतं. उशीर माझाच झाला.” पण पुन्हा आमच्या गाडीत ते कधी बसले नाहीत. माझं बरोबर होतं हे मलाही पटतं. तरी तो वर केलेला हात आरशातून जात नाही.

गिऱ्हाइकं एकेक भेटली. एकदा एक पैलवान दिल्लीला निघाला होता, आपल्या जुन्या वस्तादांना मानाची गदा दाखवायला. चांदीचा पत्रा मारलेली, चांगली मांडीएवढी. मी उंब्रजलाच सांगितलं, “गड्या, ही आत घेऊन बसू द्याची न्हाईत.” तो म्हणाला, “ही हत्यार हाय व्हय? हा मान हाय.” आतल्या जवानानं मान मान्य केला, पण गदा आत सोडली नाही. सामानात द्यायची वेळही निघून गेली होती. मग पैलवान एकटाच उडाला आणि गदा माझ्याकडं आली. सांगलीपर्यंत मी ती शेजारच्या सीटवर पट्टा लावून आणली. टोलनाक्यावरच्या पोरानं वाकून बघितलं आणि मला नमस्कार केला.

असं चाललं होतं. अडत होतं ते शेवटच्या दोनशे मीटरवर.

विमानतळाच्या दारात आमच्यासारख्या गाडीला उभं राहायला जागाच नव्हती. खासगी मोटारींना होती, टॅक्सीवाल्यांना होती, शहरातल्या बसला होती. सातारा-सांगलीची सतरा सीटची गाडी कोणत्या खान्यात बसवायची, हे तिथल्या कुणालाच माहीत नव्हतं. दारात गाडी लावली की शिट्टी वाजायची. ट्रंका, पिठाच्या पिशव्या, म्हातारी माणसं, लहान पोरं, सगळं तीन मिनिटांत खाली करायचं. आणि परतीचं तर विचारू नका. माणूस विमानातून उतरला की फोन करायचा, “मेजर, कुठं हाय तुमी?” मी कधी पेट्रोल पंपापाशी, कधी शाळेच्या भिंतीला लागून. नवख्या माणसाला ते सापडायचं नाही. एकदा आटपाडीचं एक जोडपं उन्हात तास-दीड तास मला शोधत होतं आणि मी त्यांना.

त्या तास-दीड तासानंतर मी ठरवलं, आता जागा घेतल्याशिवाय गप्प बसायचं नाही. विमानतळाच्या वाहतुकीचं काम बघणारं एक ऑफिस होतं. तिथं बर्वे नावाचे साहेब होते. दर मंगळवारी माझी पाळी पुण्याला असायची. प्रवासी उतरवले, गाडी लांब कुठंतरी लावली, की मी चालत त्यांच्या दाराशी. पहिल्या मंगळवारी त्यांनी अर्ज घेतला. दुसऱ्या मंगळवारी वरच्यांकडं पाठवलाय म्हणाले. चौथ्या की पाचव्या मंगळवारी शिपायानंच मला बसायला खुर्ची दिली आणि विचारलं, “मेजर, पाऊस काय म्हणतोय तुमच्याकडं?”

बर्वे वाईट माणूस नव्हते. नीट बोलायचे. पण त्यांचं म्हणणं एकच. “हे बघा, रोज हजारो लोक इथं येतात. तुमचे पंधरा-सोळा. प्रत्येक जिल्ह्याला जागा द्यायची म्हटली तर विमानं कुठं उतरवायची?”

मी म्हणालो, “साहेब, आमची माणसं पंधरा-सोळा दिसत्यात, कारण बाकीची पोचतच न्हाईत.”

ते हसले. मला राग आला, पण फौजेत एक गोष्ट शिकलो होतो. समोरचा हसला की आपण तिथंच उभं राहायचं. मी उभाच राहिलो. पुढच्या मंगळवारी ताईंना घेऊन गेलो. ताईंनी आपली वही टेबलावर ठेवली. कोणत्या गावचा प्रवासी, घरातून किती वाजता निघाला, किती गाड्या बदलल्या, दारात किती वाजता पोचला, आणि दारातून आत जायला किती वेळ गेला. दोन वर्षांची नोंद होती. बर्व्यांनी पानं उलटली. बऱ्याच वेळानं विचारलं, “हे तुम्ही का लिहिलंत?”

“सवयीनं न्हाई,” ताई म्हणाल्या. “तुमी इचाराल म्हणून लिवलं. दोन वर्सं कुणी इचारलंच न्हाई.”

बर्वे पुन्हा वहीत बघायला लागले. ताईंनीच पुढं सांगितलं, “साहेब, वहीत सगळं मावत न्हाई. तुमी एकदा जतहून निघा. आमच्या गाडीत. साहेब म्हणून नगं, पाशिंजर म्हणून.”

मला वाटलं, संपलं. पण बर्वे खरंच आले. त्यांचे कुणी नातेवाईक मिरजेला होते. त्यांच्याकडं मुक्काम करून, आदल्या संध्याकाळी जतला येऊन राहिले. त्या आठवड्यात जतचे तीन-चार प्रवासी होते, म्हणून गाडी मी तिथूनच काढणार होतो.

सकाळी साडेपाचला जतच्या चौकात गाडी लावली. बर्वे पाठीवर पिशवी घेऊन हजर. तेवढ्यात एका जीपमधून तायव्वा उतरल्या. साठीच्या पुढच्या, धनगराच्या. उभा जन्म मेंढरांमागं गेलेला. अंगावर हिरवं लुगडं, खांद्यावर घडी घातलेलं काळं घोंगडं, हातात एक कापडी पिशवी. बोलणं निम्मं कानडी, निम्मं मराठी. त्यांचा मुलगा बिराप्पा फौजेत होता. कुठंतरी डोंगरात गाडी उलटून त्याला मार बसला होता, आणि त्याला दिल्लीच्या लष्करी दवाखान्यात आणलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या पायाचं मोठं ऑपरेशन होतं. पाय राहतो की जातो, हे डॉक्टरही सांगत नव्हते. पलटणीनं तिकीट काढून दिलं होतं, दिल्लीला घ्यायला माणूस येणार होता. तायव्वा विमानात तर सोडाच, आगगाडीतही बसलेल्या नव्हत्या.

“घोंगडं कशाला गं आई?” मी विचारलं.

“थंडी लागत आसंल त्येला,” त्या म्हणाल्या. “दवाखान्याचं पांघरूण कसलं आसतंय.”

विमान साडेतीनचं होतं. सांगली, पेठ नाका, कऱ्हाड, उंब्रज, सगळं ताईंच्या वहीप्रमाणं झालं. सातारा मिनिटावर सोडला. अकराच्या सुमाराला वेळे गाव मागं टाकलं, खंबाटकीचा बोगदा समोर आला आणि पुढच्या गाड्यांचे मागचे लाल दिवे पेटायला लागले. एक, दोन, मग सगळे. गाड्या थांबल्या. पाच मिनिटांनी ट्रकवाल्यांनी इंजिनं बंद केली. ट्रकवाला इंजिन बंद करतो, तेव्हा समजायचं की त्याला पुढचं कळलंय.

मी उतरून पुढं गेलो. एक पोलीस हवालदार चालत येत होते. बोगद्याच्या पलीकडं वळणावर खाद्यतेलाचा टँकर आडवा झाला होता. ड्रायव्हर वाचला होता, पण सगळ्या रस्त्यावर तेल सांडलं होतं. क्रेन यायची होती, मग माती टाकायची होती.

“किती वेळ?” मी विचारलं.

“तीन तास तरी. जास्तच.”

मागं बघितलं. आमच्या मागंही ट्रक येऊन लागले होते. वळवायला जागा नव्हती. मी ताईंना फोन लावला. ताईंनी एकदाही “आता काय?” म्हटलं नाही. विचारलं, “टँकरच्या पलीकडं रस्ता मोकळा हाय का?”

“मोकळाच आसणार. इकडनं कायच जात न्हाई.”

“अस्लम शिरवळला चहाला थांबलाय. त्येच्याकडं चारच पाशिंजर हायत. मी बोलते त्यांच्याशी. फोन ठेवा.”

पाच मिनिटांत त्यांचा फोन आला. अस्लमच्या चौघांनी मागून येणाऱ्या बसनं जायचं कबूल केलं होतं. अस्लम रिकामी गाडी घेऊन घाटापलीकडच्या खंडाळा गावाच्या बाजूनं पायथ्याशी येऊन थांबणार होता. “मेजर, तुमी माणसं घेऊन चालत या.”

मी गाडीत येऊन सांगितलं. आत बारा माणसं होती. कुणी म्हणालं, थांबू या, सुटेल. एक जण म्हणाला, तिकिटाचं बघता येईल पुढचं. बर्वे म्हणाले, “बोगद्यातून पायी? हे नियमात बसत नाही हो.”

मी म्हणालो, “साहेब, तुमच्या दारात तीन मिनिटांचा नियम हाय. माझ्याकडं अडीच वाजताचा.”

पोलीस हवालदारांना विचारलं. तेही फौजी घरातले निघाले. गाड्या उभ्या आहेत, भिंतीला धरून एका रांगेत जावा, मी पुढं चालतो, म्हणाले. रस्ता सुटला की गाडी कडेला लावायला म्हणून किल्ली मी मागच्या ट्रकच्या क्लीनरकडं दिली.

आम्ही सामान उतरवून घेत होतो, तोवर तायव्वा निघाल्यासुद्धा होत्या. घोंगडं डोक्यावर टाकलेलं, पिशवी बगलेत. दहा-बारा पावलं पुढं गेल्यावर त्यांनी मागं वळून बघितलं. आम्ही अजून पिशव्या वाटून घेत होतो. त्यांनी हात हलवला, मेंढरांना हलवतात तसा.

“बर्रि, बर्रि,” त्या म्हणाल्या. कानडीत बर्रि म्हणजे या.

आणि आम्ही निघालो. पुढं पोलीस, त्यांच्या मागं तायव्वा, मग बाकीचे, शेवटी मी आणि बर्वे. बर्व्यांनी एका बाईचं लहान मूल उचललं होतं, माझ्या डोक्यावर ट्रंक. बोगद्यात उभ्या ट्रकांचा उकाडा आणि डिझेलचा वास. ट्रकवाले केबिनमधून बघत होते. एकानं पाण्याची बाटली पुढं केली. बाहेर आलो तर ऊन लख्ख, आणि वळणावर टँकर पालथा पडलेला. तेल उन्हात चमकत होतं. कडेला कुणीतरी मातीची वाट टाकली होती, तिच्यावरून एकेकानं जायचं. तायव्वांनी चपला काढून हातात घेतल्या आणि अनवाणी सरळ निघून गेल्या. बर्वे घसरले. एक गुडघा तेलात गेला, पण मूल त्यांनी वरच धरलं होतं.

पुढं उतार. मी बर्व्यांकडं बघितलं. त्यांना धाप लागली होती. मी ट्रंक खाली ठेवली, म्हणालो, “बसा जरा.”

ते म्हणाले, “ती बाई थांबली आहे का?”

तायव्वा कधीच्या वळणापलीकडं गेल्या होत्या.

“मग चला,” बर्वे म्हणाले.

अस्लम पायथ्याला दार उघडून उभा होता. सगळे बसल्यावर तो एवढंच म्हणाला, “घट्ट धरा.” नंतर शिरवळ, कात्रज, शहरातली गर्दी. वाटेत तायव्वांनी एकदाच विचारलं, “विमान निघून जातंय का आमाला सोडून?” अस्लमनं आरशातून बघितलं आणि म्हणाला, “न्हाई जात आई. मी हाय न्हवं.” असलं वचन देणारा माणूस तो नाही. त्या दिवशी त्यानं दिलं.

विमानतळाच्या दारात पोचलो तेव्हा सव्वादोन झाले होते. गाडी लावली. अस्लमनं दार उघडलं. तायव्वा एक पाय पायरीवर ठेवून उतरतायत, तोच शिट्टी वाजली.

“ए, गाडी पुढं घे. चल, चल.”

गाडीच्या दुसऱ्या बाजूनं बर्वे उतरले. गुडघ्यापासून खाली तेल आणि माती, शर्ट पाठीला चिकटलेला. शिट्टीवाल्यानं त्यांना ओळखलं नाही. त्यांच्याकडं बघून म्हणाला, “तुम्हाला वेगळं सांगायचं काय? सामान उचला.”

बर्व्यांनी खिशातलं ओळखपत्र काढलं नाही. तायव्वांची पिशवी उचलली आणि त्यांच्याबरोबर दारापर्यंत गेले. मी गाडीतून बघत होतो. दारावरच्या जवानानं तिकीट बघितलं, ओळखपत्र बघितलं, घोंगड्यावरून हात फिरवला आणि त्यांना आत सोडलं. तायव्वा मागं वळल्या नाहीत. त्यांना फक्त पुढंच जायचं होतं.

संध्याकाळी दिल्लीहून पलटणीच्या माणसाचा ताईंना फोन आला, आई पोचल्या. आणि चार दिवसांनी आणखी एक फोन, बिराप्पाचा पाय राहिला. तो आता लंगडतो, पण दोन पायांवर लंगडतो.

दुसऱ्याच दिवशी जागा मिळाली, असं झालं नाही. पुढच्या मंगळवारी बर्व्यांच्या ऑफिसात गेलो तर ते म्हणाले, “मेजर, मला पटलंय. पण पटणं माझ्या हातात आहे, जागा नाही.” मग पुढं किती मंगळवार गेले ते ताईंच्या वहीत असतील. आता अर्जावर माझ्याबरोबर बर्व्यांचीही टिप्पणी असायची, आणि टिप्पणीला ताईंच्या वहीची पानं जोडलेली. नगर, सोलापूरकडच्या गाडीवाल्यांनीही आमचं बघून अर्ज टाकले. मी त्यांना नाही म्हटलं नाही. उलट वही कशी लिहायची ते ताईंनी त्यांना फोनवर शिकवलं. शेवटी आधी तीन महिन्यांसाठी म्हणून, आणि मग कायमची, पार्किंगच्या कडेला एक रांग मिळाली. वर पत्र्याची शेड, खाली बाक, आणि बाहेरगावच्या गाड्यांची नावं लिहिलेली पाटी. तिच्यात वरून दुसऱ्या ओळीला ‘सातारा - सांगली’. शेडपासून दारापर्यंत सपाट पायवाट, चाकाची खुर्ची जाईल अशी. ती बर्व्यांनी स्वतः उभं राहून करून घेतली. पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले.

मीही गेल्या वर्षी स्टिअरिंग सोडलं. डोळ्यात मोतीबिंदू उतरला, आणि विमानतळाच्या गाडीवर अंदाजानं चालत नाही. आता गाड्या तीन आहेत, चालवणारे दुसरे आहेत. मी अधूनमधून गाडीबरोबर जातो, शेडमध्ये बाकावर बसतो आणि कुणी बावरलेलं दिसलं तर वाट दाखवतो.

गेल्या आठवड्यात अशीच एक बाई सामानाची गाडी ढकलत शेडमध्ये आली. पंचविशी-तिशीतली, कडेवर वर्षाचं मूल. पाटी वाचली आणि विचारलं, “आवं, ही गाडी दहिवडीला जाती का?”

म्हणालो, “साताऱ्यापातूर जाती, बाई. फुडं तुला दुसरी बघावी लागंल.”

“चालंल की,” ती म्हणाली. तिनं मूल दुसऱ्या कडेवर घेतलं. “साताऱ्यातनं बस धरायची, मग फाट्यावरनं वडाप. सवय हाय आमाला.”

ती गाडीत बसली. गाडी वेळेवर निघून गेली. मी बाकावर बसून राहिलो, पण बसवेना. ताईंना फोन लावला. ताई आता सत्तरीकडं झुकल्यात, फोन कानापासून लांब धरून बोलतात.

“ताई, माणदेशाकडं एक गाडी काढाय पायजे. दहिवडी, म्हसवड.”

मला वाटलं, वयाचं काही बोलतील. पण तिकडून पानं उलटल्याचा आवाज आला.

“रस्ता बघितलाय का तुमी?”

“न्हाई.”

“मग आदी बघून या. आनि मिनिटं लिवून आणा, अंदाज नगं.”

उद्या सकाळी सहाला अस्लम मला न्यायला येतोय. नवीन वही कऱ्हाडात घेतली. पहिल्या पानावर फक्त ‘दहिवडी’ असं लिहून ठेवलंय.